गडी हाय आमचा

राघो आणि वाळू यांच्या मैत्रीचं गावात कोणाला कधी नवल वाटलं नाही. एखाद्याला मिशी असते, एखाद्याला खोकला असतो, तसा राघोला वाळू होता. राघो एकटा दिसला की लोक विचारायचे, "वाळू कुठंय?" आणि तो जिथं असेल ते ठिकाण राघोला ठाऊक असायचंच.

किन्हवलीवरून मुरबाडकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून राघोचं गाव. त्याचं कौलारू घर खाली, भातखाचरांच्या कडेला. वाळू आदिवासी ठाकराचा, वर टेकाडावरच्या वाडीतला. दोघं विशीत असताना मुरबाडच्या एका गवताच्या वखारीत कामाला लागले. दिवाळीनंतर डोंगरातलं गवत कापून यायचं, ते लोखंडी प्रेसमध्ये दाबायचं, गासड्या बांधायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांसाठी ट्रकवर चढवायच्या. एकानं दाबायचं, दुसऱ्यानं तार आवळायची. राघो दाबायचा, वाळू आवळायचा. पहिल्या हंगामात वाळू राघोच्या घरी जेवायला आला तेव्हा राघोच्या आईनं त्याचं ताट ओटीवर वाढलं. राघोनं आपलं ताट उचललं आणि ओटीवर जाऊन बसला.  पुढं आईला दोन ठिकाणी वाढायचा कंटाळा आला आणि दोघांची ताटं आत आली.

एका वर्षी प्रेसची साखळी तुटली आणि लोखंडी फळी वाळूच्या गुडघ्यावर पडली. वखारीचा मालक जेवायला गेला होता. राघोनं वाळूला पाठीवर घेतलं, रस्त्यावर आणलं आणि जीपवाल्याच्या अंगावर ओरडून कल्याणला सरकारी दवाखान्यात नेलं. रखमी, वाळूची बायको, तेव्हा भरल्या दिवसांची होती. तिला येता आलं नाही. वाळूला उठवणं, धुणं, पुसणं, त्याची लघवीची बाटली रिकामी करणं, सगळं राघोनं केलं आणि खाटेखाली चटई टाकून झोपला. तिथल्या सिस्टरनं एकदा विचारलं, "भाऊ का तुमचा?"

"नाय," राघो म्हणाला. "वाळू हाय."

पाय वाचला, पण गुडघा वाकेना. तेव्हापासून चढउतारावर वाळू राघोचा हात धरायचा. मग सपाटीवरही धरू लागला. पुढं सवय अशी झाली की करंगळीत करंगळी अडकवून दोघं बाजाराला जायचे आणि आपण हात धरलाय हे दोघांच्याही ध्यानात नसायचं. गावातले जुने लोक तसेच चालत. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

राघोची पहिली मुलगी तापानं गेली. नुकती पावलं टाकायला लागली होती. घर बायकांच्या रडण्यानं भरलं. राघोला रडायला जागाच सापडेना. तिला पुरून आल्यावर तो घरी न जाता टेकाडाकडं चालू लागला. वाळू पाय ओढत मागून गेला. वर एका मोहाच्या झाडाखाली वाळूनं त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि केसांतून हात फिरवत बसला. राघो दिवस मावळेपर्यंत रडला. गुरं घेऊन उतरणारे दोन गडी जवळून गेले. एकानं पेटवलेली विडी वाळूच्या हातात दिली, गुरांना हाक मारली आणि पुढं गेला. पुढं कधीही त्या दुपारचा विषय कोणी काढला नाही.

अशी तीस-एक वर्षं गेली. दोघांचे केस पिकले. राघोचा मुलगा प्रणित शिकला आणि भिवंडीच्या बाजूला एका गोदामात सुपरवायझर झाला. आसनगावच्या मितालीशी त्याचं लग्न ठरलं.

लग्नाआधीच्या पौषात म्हसाच्या जत्रेला दोघं नेहमीसारखे गेले. राघोला घोंगडी घ्यायची होती. त्याच्या चुलत भावाचा मुलगा भावेश आपल्या मित्रांबरोबर मागून चालत होता. त्यानं मोबाईल काढला. दोघांची पाठ, अडकलेल्या करंगळ्या, वाळूचं लंगडणं, मध्येच राघोनं थांबून त्याच्या सदऱ्याला चिकटलेली कुसळं काढणं, सगळं त्यात आलं. भावेशनं त्यावर एक प्रेमाचं हिंदी गाणं लावलं आणि खाली लिहिलं, 'काका-काकू जत्रेला निघाले.'

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावभर झाला. दुसऱ्या दिवशी शहापूरच्या खतांच्या दुकानात एक अनोळखी पोरगा राघोकडं बघून हसला आणि म्हणाला, "काकू नाय आली?"

वाळूला त्याच्या पुतण्यानं, सुरजनं, व्हिडिओ दाखवला होता. तो खाली आला तोच हसत. "राघ्या, आपल्यात काकू कोन? मीच आसंन. लंगडी तरी काकूच बरी."

राघो हसला नाही. बाजारात जाताना त्या आठवड्यापासून तो दोन्ही हात पाठीमागं बांधून चालू लागला. उताराला वाळूनं हात पुढं केला की राघो चपलेतला खडा काढायला वाकायचा. वाळू एकदा घसरून बसला तेव्हा राघोनं त्याला काखेत हात घालून उठवलं आणि लगेच सोडून इकडंतिकडं बघितलं. वाळूनं ते बघणं पाहिलं. 

प्रणित रविवारी घरी आला तेव्हा चहा न पिताच बापासमोर बसला.

"मितालीच्या भावानं मला तो व्हिडिओ पाठवला. हसला नाय तो, बाबा. विचारलं, हे तुझेच वडील ना?"

"मग? आमी काय चोरी केली?"

"मी बोलतोय का चोरी केली म्हणून? लोकं वेगळा अर्थ काढतात आता. तुमचं तुमच्या टायमाला चालत होतं." प्रणित मोबाईलकडं बघत राहिला. "लग्नात त्याला येऊ नको असं मी बोलत नाय. फक्त तुमच्या जवळ नको. लांब राहू दे."

आतून भागीरथीनं, राघोच्या बायकोनं, ते ऐकलं. "वाळू लांब कसा रे राहील?" ती म्हणाली. 

लग्नाचा मांडव वाळूनंच घातला. डोंगरातून बांबू आणले, उंबराची डहाळी आणली, आंब्याचे टहाळे बांधले. लग्नाच्या दिवशी तो पांढरा शर्ट आणि कडक टोपी घालून आला. हातात मधाची बाटली होती, लाल फडक्यात गुंडाळलेली. त्या वर्षी कड्यावरचा मध त्यानं स्वतः उतरवला होता. त्या पायानं.

राघो फेटा बांधून सोफ्यावर बसला होता. आजवर कोणत्याही कार्याला वाळू जिथं बसायचा तिथं, म्हणजे राघोच्या उजव्या बाजूला, आज मितालीचे मामा बसले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, बोलायला मोकळे. वाळू समोर येऊन उभा राहिला. मामांनी त्याला पायापासून टोपीपर्यंत पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखं हसू उमटलं.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

मागं उभा असलेला मितालीचा भाऊ गालात हसला. प्रणित स्टेजवरून इकडंच बघत होता. 

"गडी हाय आमचा," तो म्हणाला.

"अस्सं," मामा म्हणाले. त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. "मला वाटलं... बरं झालं, गडी आहे तर. ए गडी, ते पाण्याचे जार तिकडं जेवणाकडं नेऊन ठेव बरं. बायका खोळंबल्यात."

वाळूनं राघोकडं पाहिलं. राघोनं फेट्याचा शेमला नीट केला.

वाळूनं मधाची बाटली सोफ्याच्या पायाशी ठेवली आणि जार उचलला. एक नेला, परत आला, दुसरा उचलला. मग कोणी त्याला खुर्च्या हलवायला सांगितल्या, कोणी उष्ट्या पत्रावळींची पिंपं. दुपारभर तो वाकत नसलेला पाय फरफटत काम करत होता आणि पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. राघोला सोफ्यावरून सगळं दिसत होतं. एकदा तो अर्धवट उठलाही. मामांनी विचारलं, "काय हवंय? गड्याला सांगा ना." तो परत बसला. नवरानवरीला आशीर्वाद द्यायला वाळू स्टेजच्या पायरीपर्यंत आला तेव्हा फोटोवाला घरच्यांचा फोटो घेत होता. राघोनं हातानंच खुणावलं, नंतर, नंतर. शेवटच्या पंगतीला मांडववाले आणि वाजंत्री बसले. त्यांच्यात वाळू जेवला. आपली पत्रावळ स्वतः पिंपात टाकली आणि गेला.

पुढच्या हंगामात तो वखारीत आला नाही. मुरबाडच्या दुसऱ्या टोकाला एका व्यापाऱ्याकडं लागलाय असं कळलं. राघोनं वाट पाहिली. मनात म्हणाला, येईल, किती दिवस बसेल. मग एका सकाळी न राहवून तो टेकाड चढून वाडीवर गेला.

या घरात तो इतकी वर्षं चुलीपाशी जमिनीवर बसत आला होता. त्या दिवशी रखमीनं त्याला प्लास्टिकची खुर्ची टाकली. वाळू बाहेर बांबूची पाटी विणत होता, तो उठून उभा राहिला.

"बसा, मालक," तो म्हणाला.

राघोला आधी वाटलं थट्टा करतोय. "वाळ्या, आसा काय बोलतोस?"

"मग कसा बोलू? गडी मालकाशी असाच बोलतो."

"मी तसा नव्हतो बोललो. गडी म्हणजे काय फक्त मजूर होतो का? खेळातला आपला तो पण गडीच. जोडीचा गडी."

वाळूनं विचार केल्यासारखं केलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर राघोला बरं वाटलं असतं.

"त्या पावण्याला कोनता कळला?"

राघोनं खुर्ची थोडी मागं सरकवली.

"आन तुमाला त्याला कोनता कळायला हवा होता?"

रखमीनं चहा आणून ठेवला. राघोनं तो हातात घेतला नाही. खरं उत्तर त्याला माहीत होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं. अशा वेळी माणसाच्या तोंडून जे निघतं ते निघालं.

"एवढा माज कशाचा रे तुला? एका शब्दाचा? त्या दिवशी मी पाठीवर घेतला नसता तर मेला असतास वखारीत. लंगडा का व्हईना, चालतोस तो माझ्यामुळं."

 वाळू खाली बसला आणि पाटीची कामटी पुन्हा हातात घेतली. बोलली ती रखमी. "राघोदादा, हे दर सणाला पोरांना सांगतात. राघोनं मला पाठीवर आनला, राघोनं माझं हागणंमुतणं काढलं. आमची रोशनी त्याच गोष्टीवर झोपायची." तिनं चहाचा कप उचलला. "आता नाय सांगायचे. तुमी सांगितलीत ती गोष्ट आज."

राघो टेकाड उतरून आला. उतरताना रस्त्यात दोनदा थांबला. परत मात्र गेला नाही.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तो गोठ्यात पडला. भागीरथीनं पाहिलं तेव्हा म्हैस त्याच्या अंगावर पाय पडू नये म्हणून कोपऱ्यात अंग चोरून उभी होती. शहापूरला नेलं, तिथून ठाण्याला. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ऐकू सगळं यायचं, समजायचं सगळं, जीभ मात्र फक्त एखाददुसरं अक्षर उचलायची.

प्रणितनं आसनगावला फ्लॅट घेतला होता आणि मितालीला दिवस गेले होते. भागीरथीच्या कमरेत आधीच दोष. आडदांड नवऱ्याला कूस बदलून देणं तिला झेपेना. भावेशला बोलावलं. त्यानं पहिल्या दिवशी नाकाला रुमाल बांधून काम केलं, दुसऱ्या दिवशी अंगणात जाऊन ओकला, तिसऱ्या दिवशी आला नाही. राघोच्या पाठीला जखम झाली. तेव्हा भागीरथी कोणाला न विचारता एकटी वाडीवर गेली.

दुसऱ्या सकाळी वाळू दारात उभा होता.

"तू आलास रे," म्हणत भागीरथी रडायला लागली.

"येईन रोज, वहिनी. पन रोजानं. रोजंदारी घेईन."

"तू घरचा. तुला कसली रोजंदारी देऊ?"

"फुकट नाय करायचो मी," वाळू म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

खाटेवर पडलेल्या राघोनं त्याला दारातून आत येताना पाहिलं आणि त्याच्या घशातून एक आवाज निघाला. वाळूनं जवळ येऊन पाणी किती गरम आहे ते कोपरानं पाहिलं. "मालक, कूस बदलतो," तो म्हणाला, आणि राघोला भिंतीकडं वळवलं.

त्याचे हात तेच होते. पाठ पुसताना जखमेच्या कडेला अलगद यायचे, मानेखाली उशी नेमकी जिथं हवी तिथं सरकवायचे. भात कालवून घास भरवताना तो राघोच्या तोंडाची डावी बाजू बघून घास ठेवायचा. आठवडाभरात जखम सुकायला लागली. पण त्या हातांच्या वरचा माणूस तिथं नव्हता. पूर्वी काम करताना वाळू सतत काहीतरी गुणगुणायचा. आता खोलीत फक्त फडकं पिळल्याचा आवाज यायचा. "मालक, तोंड उघडा." "मालक, झालं." दिवस कलला की तो भागीरथीकडून रोजाचे पैसे घ्यायचा आणि निघायचा.

राघो दिवसभर एक शब्द जुळवायचा. सगळा जीव जिभेवर आणायचा. "वा... वा..."

"वारा पायजे?" वाळू म्हणायचा. "लावतो." आणि पंखा सुरू करायचा.

"तुझं नाव घेतोय रे तो," भागीरथी एकदा दारातून म्हणाली.

"नाय, वहिनी. वाराच मागतात."

हे बोलताना वाळूनं राघोच्या डोळ्यांत पाहिलं. राघोला कळलं की याला कळतंय. पहिल्या दिवसापासून कळतंय. पंख्याच्या वाऱ्यानं राघोचं उघडं अंग गार पडायचं आणि पंखा बंद कर हे सांगायला त्याच्यापाशी शब्द नव्हता.

एकदा दाढी करताना राघो रडू लागला. डोळ्यांतून पाणी कानशिलावरून साबणाच्या फेसात उतरत होतं. वाळूनं वस्तरा थांबवला. तो उठला, खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिला. बाहेर म्हैस रवंथ करत होती. रडणं थांबेपर्यंत तो तिच्याकडं बघत राहिला, मग परत येऊन बसला. "हलू नका, लागंल," म्हणाला. लागलंच. हनुवटीखाली रक्त आलं. वाळूनं त्यावर अंगठा दाबून धरला. रक्त थांबलं तरी अंगठा तिथंच होता. त्याचा श्वास राघोच्या गालावर येत होता. मग वाळूनं अंगठा काढला, वस्तरा धुतला आणि त्या दिवशी लवकर निघून गेला. राघो दुसऱ्या दिवसाची वाट बघत राहिला. दुसऱ्या दिवशी वाळू आला आणि म्हणाला, "मालक, कूस बदलतो."

पावसाळा सरता सरता भावेशनं घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. वाळू राघोला घास भरवतोय. खाली फक्त एवढंच, 'काका-काकू पुन्हा एकत्र.' भावेशला त्यात वाईट काही वाटलं नव्हतं, उलट कौतुकच होतं असं तो पुढं म्हणाला. मितालीच्या माहेरच्यांपर्यंत तो फोटो पोचला. तिच्या भावानं हसणारा चेहरा पाठवला. बाळाच्या बारशाला ती सगळी मंडळी गावात येणार होती.

प्रणितनं शहापूरहून पंकज नावाचा माणूस ठरवला, आजाऱ्यांचं करणारा. रविवारी त्याला गाडीतून घेऊनच आला. ओटीवर उभं राहून वाळूला म्हणाला, "उद्यापासून नको येऊ. हा ट्रेनिंग घेतलेला आहे."

"बरं," वाळू म्हणाला.

भागीरथी काही बोलायला गेली, प्रणितनं तिला आत जायला सांगितलं. वाळू छत्री घेऊन पायरीपर्यंत गेला. तिथं थांबला. राघोची खाट दाराला लागूनच होती, त्याला सगळं ऐकू येत होतं.

"ऐक," वाळू पंकजला सांगत होता. "उजव्या कुशीवर फार वेळ नको ठेवू त्याला, दम लागतो. भात मऊ कर. दाढी करताना बोलत ऱ्हा काहीतरी, तो लहानपणापासून वस्तऱ्याला घाबरतो. आन संध्याकाळी दार लावू नको. अंधारात एकटा पडला का त्याला पोरगी आठवते त्याची."

राघोनं ऐकलं. त्याला, तो, त्याची. लग्नापासून पहिल्यांदाच. आणि ज्याला दाढीच्या वेळी बोलायला हवं हे ठाऊक होतं, तो सगळा पावसाळा गप्प राहून दाढी करत आला होता.

"वा..." राघोनं जीव एकवटला. "वा... वा..."

वाळूच्या चपला पायरीवर थांबल्या. आत डोकावून पंकजनं विचारलं, "काय आजोबा, लागली का?" आणि त्यानं खाटेखालचं भांडं काढलं. भांड्याच्या आवाजात चपला निघून गेल्या ते राघोला समजलं नाही.

पंकज वाईट माणूस नव्हता. कानात वायर घालून काम करायचा, वेळेवर यायचा. संध्याकाळी जाताना डास येतात म्हणून दार ओढून घ्यायचा. बारसं थाटात झालं. मामांनी खाटेपाशी येऊन राघोच्या खांद्यावर हात ठेवला आणि तब्येतीची चौकशी केली.

थंडीत भागीरथीला मुरबाडच्या बाजारात वाळू भेटला. गवताच्या गाडीवरून उतरत होता. त्यानं तिची पिशवी हातात घेतली आणि तिला एसटीत बसवायला आत चढला.

"जेवतो का?" त्यानं विचारलं.

"जेवतो थोडं. तू ये ना रे एकदा. नुसता येऊन बस."

वाळूनं तिच्या बाजूची खिडकी सरकवून दिली. "नाय येवत, वहिनी," तो म्हणाला. "उचलतच नाय पाय." आणि पिशवी तिच्या मांडीवर ठेवून तो खाली उतरला.

घरी येईपर्यंत भागीरथीनं ठरवलं की राघोला यातलं काही सांगायचं नाही. सांगितलं की तो रडतो, आणि रडला की घास घशात अडकतो. तिनं दिवा लावला, भात कालवला आणि त्याच्या तोंडाची डावी बाजू बघून पहिला घास ठेवला.